शेवटची चटई खाली आली

“चटई गवतावर आहे तोवर माणूस डोंगरावर आहे, एवढं डोक्यात पक्कं ठेव. शेवटची चटई हातात आली की मगच फाटकाकडे बघून मान हलवायची. त्याआधी देव जरी खाली येऊन म्हणाला, वर कोणी नाही गं, तरी हलवायची नाही.”

सासूबाईंनी दुकानाची किल्ली माझ्या हातात दिली तेव्हाचे हे शब्द. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, डोंगरावर जाणाऱ्या पायवाटेच्या तोंडाशी, फाटकाला लागून. आत भिंतीला फळ्या, फळ्यांवर गुंडाळलेल्या चटया, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि बसायला एक बाक. आमच्याकडे मुक्कामाला सहसा कोणी येत नाही. सकाळच्या बसने माणसं येतात, डबे-टोपल्या सांभाळत पठारावर चढतात, आमच्या चटया पसरून जेवतात, लोळतात, फोटो काढतात, नवरा-बायको भांडतात, तिथल्या तिथे समेट करतात, आणि उजेड आहे तोवर उतरून शेवटच्या बसने घरी जातात. मग गाव इतकं शांत होतं की शेजारीण कढई खाली ठेवते तेही मला ऐकू येतं.

पठाराच्या तीन बाजूंना झाडी आहे, चौथ्या बाजूला कडा. कड्याला लोखंडी कठडा आहे, पण तो पाण्याच्या टाकीपाशी संपतो. त्याच्यापुढे नुसतं गवत, हळूहळू उतरत गेलेलं, आणि मग काहीच नाही. म्हणून तर फाटक. अंधार पडायच्या आत डोंगर रिकामा करायचा, फाटकाला कुलूप लावायचं, मगच बस सोडायची. पण डोंगर रिकामा झाला हे ठरवायचं कसं? वर यायला-जायला दोन वाटा, एक दुकानासमोरून आणि एक मागून, झाडीतून. सगळ्यांची तोंडं कोण लक्षात ठेवणार? वरचं गवत बाराही महिने ओलं असतं, त्यामुळे चटई मात्र प्रत्येक जण नेतोच. चटया परत आल्या की माणसं परत आली, असा आमचा हिशेब. सासूबाईंच्या आधीपासूनचा.

फाटकावर शिट्टीमामा असतात. शिट्टी त्यांच्या गळ्यात कायम, कोणाच्या लग्नाला गेले तरी. मामी म्हणतात, जेवायला वाढ हेसुद्धा हे शिट्टी वाजवूनच सांगतात.

त्या दिवशी पहिल्या बसने दोघी बहिणी आल्या. थोरली सत्तरीच्या पुढची असावी. धाकटी तिच्याहून बरीच लहान, पण दरारा सगळा धाकटीचा. थोरलीचा हात तिने असा पकडला होता, जसं काही सोडला तर ती उडूनच जाईल. चटई निवडायला तिने मला अर्धी फळी खाली काढायला लावली. निळी नको, हिरवी तर नकोच, गवतात हरवेल. शेवटी एक भडक नारिंगी चटई तिने उचलली आणि थोरलीच्या डोळ्यांसमोर धरली. दिसते का, म्हणाली. थोरली म्हणाली, दिसते की, कानठळ्या बसतील इतकी दिसते.

धाकटीने मग मला हळूच सांगितलं. ताईची नजर चालली आहे. माणसांच्या नुसत्या सावल्या दिसतात, आणि असे भडक रंग. थोड्या दिवसांत तेही जाणार, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून हट्ट धरून बसली आहे, मला एकदा डोंगरावरून दरी बघायची.

“मला दिसत नाही गं,” थोरली म्हणाली, “ऐकू येतं.” मग माझ्याकडे, म्हणजे माझ्या जरा डाव्या बाजूला, बघून हसली. माणसांचं काय एवढं बघायचं राहिलंय, म्हणाली. उजेडाचा एवढा मोठा खड्डा मात्र मी कधी पाहिला नाही, तो पाहून घेते.

दोघी वर गेल्या तेव्हा आभाळ नुकतंच भरायला लागलं होतं. वाऱ्याने ढग पांगतील, असं मी म्हटलं. ते काही पांगले नाहीत.

आमच्याकडे धुकं वरून उतरत नाही, खालून येतं. दरीतून. आधी कड्यावरून एक पांढरी कड वर येते, आणि मग चुलीवरचं दूध उतू जावं तसं सगळं पठार भरून जातं. त्या दुपारी ते नेहमीपेक्षा लवकर आलं. मामांनी शिट्टी दिली. माणसं पोरांना काखेत मारून, टोपल्या अर्धवट बांधून धावत उतरायला लागली. अशा वेळी चटया बऱ्याचदा वरच राहतात. कोणी धावताना टाकतं, कोणाला वाटतं दुकानवाली आणेल. धुक्यात भिजलेली चटई दुसऱ्या दिवशी कुबट वास मारते, म्हणून माझी सून कोणी सांगायच्या आत वर गेली.

ती आमच्या घरात येऊन फार दिवस झाले नव्हते. सपाटीवरच्या गावची मुलगी, डोंगराची सवय नाही. मुलगा कामाला खालच्या शहरात, सुट्टीला येतो. बाकीचे दिवस आम्ही दोघीच. बोलायची कमी. काम मात्र असं करायची की मी उठून भांडं घ्यायला जावं तर ते घासून पालथं घातलेलं असायचं. मला वाईट वाटायचं कधीकधी, की ही अजून परीक्षेलाच बसल्यासारखी राहते.

ती खाली आली तेव्हा दोन्ही खांद्यांवर चटयांचे भारे होते आणि पापण्यांवर पाण्याचे थेंब. शहाणी गं माझी बाई, मी म्हटलं. एकेक चटई पुसून फळीवर लावली. नारिंगीही त्यातच होती. मी ती माझ्या हातांनी पुसली. फळी भरली. मामांनी लांबूनच हनुवटी उचलून विचारलं, आणि मी मान हलवली.

कुलूप लागलं. बसचं इंजिन सुरू झालं.

मी दुकानात दिवेलागणीची तयारी करत होते. त्या वेळचं नामस्मरण झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही, हा माझा जुना नेम आहे. पेटवलेली काडी हातात होती, तेवढ्यात धाकटी बहीण दारात आली. एकटी. बसथांब्याच्या बाजूने. धाप लागलेली, हातात लोकरीची शाल.

तिने फळीकडे पाहिलं आणि तिचा सगळा चेहरा सैल झाला. नारिंगी चटईवर हात ठेवून ती म्हणाली, “बाई गं, उतरली का ताई? माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. कुठे बसवलंत तिला?”

काडी माझ्या बोटापर्यंत जळत आली तरी मला कळलं नाही.

काय झालं होतं ते मग तुकड्या-तुकड्यांनी कळलं. गारवा वाढला म्हणून धाकटी मागच्या वाटेने शाल आणायला उतरली होती. शाल सकाळच्या बसमध्ये राहिलेली, आणि बस खालच्या थांब्यावर गेलेली, म्हणून ती तिथपर्यंत चालत गेली. जाताना थोरलीला बजावून गेली होती की या चटईवरून उठायचं नाही, काही झालं तरी.

मी सुनेकडे पाहिलं. तिच्या तोंडावरचा रंग गेला होता. चटई टाकीच्या पलीकडे होती, ती म्हणाली, शेवटच्या झाडाजवळ. वर कोणी नव्हतं. आई, मी हाक मारली. दोनदा मारली.

कोणाला टाकून बोलायचं नाही, हाही एक नेम आहे माझा. चुकलेली ती एकटी नव्हती. चटई ज्याची त्याच्या हातून घ्यायची असते. तिने ती गवतावरून उचलली आणि मी ती तिच्या खांद्यावरून घेतली, आणि दोघींना वाटलं काम झालं. आणि त्या बाईला सगळ्या डोंगरावर दिसणारी एकच वस्तू होती, ती आमच्या फळीवर गुंडाळून ठेवलेली होती.

धाकटीला हे कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ती ओरडली नाही. शाल तेवढी हातातून गळून पडली.

मामांनी बस थांबवली आणि फाटक उघडलं. त्यांच्या खोलीत दोर होता, तो त्यांनी खांद्याला अडकवला. आम्ही चौघं निघालो. वाट रोजची, पण स्वतःच्या चपला दिसत नव्हत्या. एकमेकांचा हात धरून, पुढे मामा, मग सून, मग धाकटी, शेवटी मी. कोणाच्या तरी श्वासाचा आवाज फार मोठा येत होता, आणि तो माझाच होता.

पठारावर पोचलो तसं धाकटीने हाक मारली. ताई. धुक्याने ती गिळली, आणि मग दरीच्या बाजूने तीच हाक परत आली, अगदी स्पष्ट, जसं काही समोरूनच कोणीतरी बोलावतंय. मामांनी शिट्टी फुंकली. शिट्टीही तशीच परत आली, कड्याकडून.

आणि त्यानंतर एक दगड घरंगळल्याचा आवाज आला. छोटासाच. घरंगळत गेला, आणि मग मध्येच थांबला. पडल्याचा आवाज आलाच नाही.

मी धाकटीच्या तोंडावर हात ठेवला. ती हिसका देऊन सुटायला बघत होती. मी तिच्या कानात म्हटलं, बाई, ती आपल्या आवाजाकडे चालते आहे, आणि आवाज दरीतून येतोय. मामांची शिट्टी ओठांशीच थांबली. आम्ही तसेच उभे राहिलो. हाक मारावी तर ती पाऊल टाकणार, न मारावी तर एकटी चाचपडत राहणार. मी मनात नाम घेत होते, पण ते पुढे सरकत नव्हतं, एकाच अक्षरावर अडकलं होतं.

तेव्हा माझी सून बोलली. हाक नाही मारली. सांगितलं, शांतपणे, जसं घरात कोणाला सांगावं.

“आजी, खाली बसा. आहात तिथेच बसा. कोणी कितीही बोलावलं तरी उठू नका.”

तिचेही शब्द दरीतून परत आले. पण बसा हा शब्द कुठूनही आला तरी बसाच असतो.

तिने तेच पुन्हा एकदा सांगितलं. मग एक चिडका आवाज आला, “बसले. गवत ओलं आहे.”

धाकटी मटकन खाली बसली आणि तोंडात पदराचा बोळा घालून रडायला लागली. आवाज टाकीच्या पलीकडून येत होता, पण कुठून, वरून की खालून, ते कळत नव्हतं. सुनेने कठड्याला हात लावला आणि त्याच्या कडेने सरकत पुढे निघाली. मामांनी दोर तिच्या कमरेला बांधला. मी जातो, ते म्हणाले. ती म्हणाली, मामा, चटई कुठे होती ते मी पाहिलंय. दोराचं दुसरं टोक मामांनी आणि मी धरलं. कठडा संपला आणि ती दिसेनाशी झाली. मग फक्त दोर, थोडा थोडा हातातून जाणारा.

चालता चालता ती बोलत होती. मला पहिल्यांदाच कळलं की हिला इतकं बोलता येतं. आजीला ती विचारत होती, हाताला काय लागतंय, झुडूप आहे का, काटे आहेत का, पायाखाली दगड आहे की माती. आजी उत्तरं देत होती. चटईवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं होतं, ती म्हणाली, पण पोटात घेतलेलं पाणी कधीतरी बाहेर येणारच की. झाडाच्या मागे गेले, इतकंच. कोणाची तरी हाक आली, पण तशा अवस्थेत ओ कशी देऊ. वळून पाहते तर चटई नाही. मला वाटलं, गेली नजर. आजच गेली. मग शोधत निघाले.

मग ती थांबली आणि म्हणाली, “कोणी नेली गं चटई?”

दोर हातात तसाच थांबला. मामांनी माझ्याकडे पाहिलं असेल, मला दिसलं नाही. वाऱ्याने उडाली असं म्हणता आलं असतं. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात तेच आलं. त्या घडीला म्हातारी घाबरली, चिडली, उठली, तर.

“मी नेली,” सून म्हणाली. “रिकामी दिसली म्हणून उचलली. नीट पाहिलं नाही.”

धाकटी ताडकन उठून उभी राहिली. मग आजीचा आवाज आला, पण आता त्यात चिडचिड नव्हती, आणि तेच मला जास्त भीतीचं वाटलं. ती म्हणाली, मी आता उठत नाही. तू ये, नाही आलीस तरी चालेल. मला बघायचं होतं ते काही दिसलं नाही, आधी ढग, मग नुसतं पांढरं. आता घरी जाऊन काळंच बघायचं आहे. इथेच बसते.

“आजी,” सून म्हणाली, “धुकं पहाटे खाली बसतं. सूर्य वर येतो तेव्हा दरी उघडी असते. मी तुम्हाला उद्या आणते. हात धरून आणते, आणि दिसेपर्यंत बरोबर बसते. शब्द देते. पण आत्ता मला हात द्या.”

दोर एकदम ताणला गेला. मामांनी टाच रोवली. माझ्या तळहाताची कातडी सोलवटली ते मला घरी आल्यावर दिसलं. गवत उपटल्याचा आवाज, सुनेचा एक छोटासा हुंकार, आणि मग आजीचं बोलणं अगदी जवळून, “सावकाश गं, पोरी, मी काही चटई नाही ओढायला.”

दोघी कठड्यापाशी आल्या तेव्हा एकमेकींना इतक्या घट्ट धरून होत्या की कोण कोणाला आणतंय ते कळत नव्हतं. सुनेच्या एका पायात चप्पल नव्हती. ती म्हणाली, जिथे त्या बसल्या होत्या, तिथून पुढे हात केला तर हाताखाली काही लागलं नाही, आई. एवढंच बोलली, आणि कमरेचा दोर सोडायला लागली.

खाली आल्यावर बसवाल्याने विचारलं, येता का. धाकटीने नको म्हटलं. थोरलीचे पाय उचलत नव्हते. थांब्यामागे फाटकाचा कारभार बघणाऱ्या गावसमितीची एक विश्रामखोली आहे, एरवी बंदच असते, ती मामांनी उघडून दिली. मी अंथरूण आणि गरम पाणी नेलं. धाकटीने मला आत येऊ दिलं, सुनेला नाही. दारातच तिला म्हणाली, तुम्ही काढलंत तिला, मी विसरणार नाही. पण त्या आधी तुम्हीच घातलंत तिला तिथे, तेही विसरणार नाही. पहिल्या बसने आम्ही जाणार. आणि पुन्हा या डोंगराचं नाव घरात निघणार नाही.

सून मान खाली घालून उभी होती. आतून थोरलीने फक्त तोंड दाराकडे वळवलं, जिथे सून उभी होती बरोबर तिथे, आणि तशीच राहिली.

घरी येऊन मी दिवा लावला. वेळ टळून गेली होती, पण लावला. मामा ओट्यावर बसून होते. उद्या समितीला सगळं सांगावं लागेल, ते म्हणाले, आणि मी म्हटलं, सांगू, दोघं मिळून सांगू. सून जेवली नाही. मी तिला म्हटलं, बाई, असा शब्द संकटात दिलेला असतो. तो देवही मोजत नाही. बहीण नको म्हणते आहे, म्हातारीची तब्येत आहे, आणि तू, तू पुन्हा त्या गवतावर पाय ठेवणार आहेस का? तिने माझ्याकडे पाहिलं आणि पायाला खरचटलेलं धुवायला गेली.

पहाटे मी नेहमीप्रमाणे जपाला बसले होते. कडी निघाल्याचा आवाज आला. डोळे उघडायचे नव्हते, पण उघडले. ती ओसरीत बसून माझ्या मुलाचे जुने बूट घालत होती, तिच्या पायाला मोठे होणारे, म्हणून पुढे कापड कोंबून. नाडीची गाठ सुटत होती, ती पुन्हा बांधत होती. बाहेर आभाळ धुऊन काढल्यासारखं स्वच्छ होतं.

मी विचारलं, मी येऊ का बरोबर.

“नको, आई. त्यांच्या बहिणीला आधी विचारते. नाही म्हणाल्या तर दाराशी बसते, त्या हो म्हणेपर्यंत.”

ती उठली. अंगणातली खडी वाजू नये म्हणून कडेच्या मातीवरून पाय टाकत ती विश्रामखोलीच्या बाजूला चालायला लागली. एकदाही मागे न बघता.